आधी आणि नंतर : फोटो खरा, जाहिरात खोटी

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण आपण मुलांना शिकवतो. अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करायला लावतो, परीक्षेत दोन गुणांना विचारतो. आणि शाळा सुटल्यावर एस.टी. स्टँडवर उभं राहिलं की समोरच्या खांबावर एक फ्लेक्स दिसतो. डावीकडे पोट सुटलेला, तोंड पाडून उभा असलेला माणूस. उजवीकडे तोच माणूस. पोट आत, छाती पुढे, चेहऱ्यावर हसू. दोघांच्या मध्ये एक बाण आणि खाली मोठ्या अक्षरांत, '३० दिवसांत १० किलो कमी!' त्याखाली मोबाईल नंबर.

आता हा फ्लेक्स खांबावरून उतरून आपल्या खिशात आला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तोच, फेसबुकवर तोच, रील सरकवली तरी तोच. पूर्वी जाहिरात करणारा अनोळखी असायचा. आता शेजारच्या ताई, मामेभाऊ, शाळेतला जुना वर्गमित्र असे ओळखीचेच लोक 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'मला विचारा कसं!'

मित्रांनो, या फोटोंबद्दल माझं मत असं आहे : यातले बरेच फोटो खरे असतात, पण खऱ्या फोटोंनीसुद्धा खोटं बोलता येतं. म्हणून 'फोटो खरा आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. 'या फोटोत काय दाखवलेलं नाही?' हा खरा प्रश्न आहे.

फोटो घडवता येतो

ही युक्ती आजची नाही. गेल्या शतकात अमेरिकेत चार्ल्स अ‍ॅटलस नावाच्या शरीरसौष्ठवपटूची जाहिरात खूप गाजली. समुद्रकिनाऱ्यावर एका ९७ पौंडांच्या, म्हणजे साधारण ४४ किलोच्या काडीपैलवानाचा अपमान होतो, तो अ‍ॅटलसचा व्यायामाचा अभ्यासक्रम टपालाने मागवतो आणि पिळदार होऊन परत येतो, अशी चित्रकथा मुलांच्या कॉमिक्समध्ये छापून यायची. तेव्हा निदान चित्र होतं, आणि चित्र खोटं असू शकतं हे सगळ्यांना माहीत असतं. फोटो आला आणि आपण सावधपणा सोडला. 'कॅमेरा खोटं बोलत नाही' असं मानून बसलो.

कॅमेरा खोटं बोलत नसेलही, पण कॅमेऱ्यासमोरचा माणूस काय काय करू शकतो ते पाहा. 'आधी'च्या फोटोत खांदे पाडायचे, पोट सैल सोडायचं, भरपेट जेवून आणि भरपूर पाणी पिऊन उभं राहायचं. उजेड समोरून घ्यायचा, म्हणजे अंग सपाट दिसतं. 'नंतर'च्या फोटोत श्वास ओढून पोट आत घ्यायचं, थोडं तिरकं उभं राहायचं, दंड-बैठका मारून स्नायू फुगवायचे, अंगाला तेल लावायचं आणि उजेड वरून घ्यायचा. वरून पडलेल्या उजेडात स्नायूंच्या खाली सावली पडते आणि प्रत्येक रेघ उठून दिसते. दाढी करायची, नवीन कपडे घालायचे आणि हसायचं. परदेशातल्या काही व्यायाम प्रशिक्षकांनी स्वतःचेच असे दोन फोटो काही तासांच्या अंतराने काढून लोकांना दाखवलेत. वजन तेच, माणूस तोच, दिवसही तोच! त्यात मोबाईलमधलं कंबर बारीक करणारं अ‍ॅप आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं यांची भर पडली आहे.

मुलांना हे समजावायला मी एक सोपा प्रयोग करते. मुलांच्या शरीराचे फोटो मात्र काढत नाही. ते बरोबर नाही. तेरड्याची कुंडी घेते. ऊन लागून मान टाकलेल्या रोपाचा सकाळी अकराला वरून एक फोटो. मग पाणी घालून कुंडी सावलीत ठेवायची आणि दुपारी चारला खाली वाकून जवळून दुसरा फोटो. दोन्ही फोटो दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवून विचारायचं, 'या दोन फोटोंत किती दिवसांचं अंतर असेल?' कुणी म्हणतं आठ दिवस, कुणी म्हणतं एक महिना. 'कुठलं खत घातलं बाई?' असंही एकजण विचारतोच. पाच तास, हे उत्तर सांगितल्यावर वर्गात जो गलका होतो, त्याने एक तासभर व्याख्यान दिल्याचं काम होतं.

जरा गणित करून पाहू

'३० दिवसांत १० किलो' या वाक्याची आपण नुसती चर्चा करतो. गणित कुणी करत नाही. हे गणित सहावीच्या मुलालाही जमण्यासारखं आहे.

शरीरातली एक किलो चरबी कमी व्हायला साधारण ७,७०० किलोकॅलरीची तूट लागते. म्हणजे १० किलोला ७७,०००. भागिले ३० दिवस. उत्तर आलं रोज सुमारे २,५६७ किलोकॅलरी.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले आकडे पाहा. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण १,६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २,११० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे अशा बाईने महिनाभर अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी तिची चरबी हिशोबाने साडेसहा किलोच्या आसपासच उतरेल. वजन जास्त असेल किंवा अंगमेहनत असेल तर खर्च वाढतो हे खरं. पण रोज अडीच हजारांची तूट, तीही महिनाभर, सामान्य माणसाला झेपणारी नाही.

मग काट्यावर कधीकधी सहा-आठ किलो उतरलेले दिसतात ते काय? त्यात पुष्कळसं पाणी असतं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा संपतो, त्याबरोबर पाणी जातं आणि पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. फार उपाशी राहिलं तर स्नायूही झिजतात. काट्याला पाणी, स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही. जाहिरात करणाऱ्याला तो कळतो, पण तो सांगत नाही.

एकाचा फोटो लावला, बाकीचे कुठे गेले?

आपण शिक्षक मंडळी 'आधी' आणि 'नंतर' हा प्रकार चांगला ओळखतो. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी घेतो, मग संकलित मूल्यमापन करतो आणि मुलं कुठून कुठे आली ते पाहतो. पण त्याचे नियम आहेत. चाचणी वर्गातल्या सगळ्या मुलांची होते. गुण सगळ्यांचे भरावे लागतात. समजा मी पस्तीस मुलांपैकी एकाच हुशार मुलीचे दोन पेपर दारावर चिकटवले आणि लिहिलं, 'आमच्या वर्गाची प्रगती पाहा!' केंद्रप्रमुख पहिला प्रश्न विचारतील, 'बाई, बाकीच्या चौतीस जणांचं काय?'

हाच प्रश्न फ्लेक्सला कुणी विचारत नाही. पावडरचा डबा किती जणांनी घेतला? त्यातले किती जण पंधरा दिवसांत कंटाळून गेले? किती जणांचं वजन जसंच्या तसं राहिलं? किती जणांचं पोट बिघडलं? त्यांचे फोटो काढले गेले असतीलही, पण ते छापले जात नाहीत. शंभरातल्या एकाला गुण आला की तो एक फ्लेक्सवर जातो आणि नव्व्याण्णव जण गप्प बसतात, कारण आपणच कमी पडलो असं त्यांना वाटत असतं. कोचिंग क्लासच्या बोर्डावर पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात, नापास झालेल्यांचे नसतात, त्यातलाच हा प्रकार. त्या क्लासवाल्यांसाठी सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती उगाच नाही.

बरं, त्या एकाचं वजन तरी कशाने उतरलं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये वजन कमी करण्याच्या ३०० जाहिराती तपासल्या होत्या. त्यातल्या ४२ टक्के जाहिरातींत 'आधी-नंतर'चे फोटो होते, आणि निम्म्याहून अधिक जाहिरातींत किमान एक दावा खोटा किंवा पुराव्याशिवायचा असण्याची दाट शक्यता दिसली. पावडर घेणारा माणूस त्याच महिन्यात वडापाव सोडतो, साखरेचा चहा बंद करतो, रोज तासभर चालतो. कुणी आधी व्यायाम करणारा असतो, मध्ये सोडलेला असतो. अशा माणसाचे स्नायू नवशिक्यापेक्षा लवकर परत येतात. कुणी डॉक्टरांकडून औषध घेत असतो. २०२५ पासून तर वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं आपल्या देशातही चिठ्ठीवर मिळू लागली आहेत. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असं सहज होऊ शकतं. श्रेय मात्र डब्याला!

तिसरा फोटो कुठे आहे?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. 'नंतर'चा फोटो म्हणजे गोष्टीचा शेवट, असं जाहिरात आपल्याला भासवते. पण शरीराची गोष्ट त्या दिवशी संपत नाही.

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा टीव्ही कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. अतिलठ्ठ स्पर्धकांनी काही महिन्यांत प्रचंड वजन उतरवायचं, अशी ती स्पर्धा. टाळ्या, बक्षिसं, डोळे दिपवणारे 'नंतर'चे फोटो! पुढे शास्त्रज्ञांनी एका पर्वातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्धेत त्यांचं वजन सरासरी ५८ किलोने उतरलं होतं. सहा वर्षांत त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं होतं. एवढंच नाही, तर बसल्या जागी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तो खर्चही त्यांच्या वजनाच्या मानाने कमी झालेला होता आणि सहा वर्षांनंतरही तो तसाच कमी राहिला होता. म्हणजे ही माणसं आळशी नव्हती. त्यांचं शरीरच गेलेलं वजन परत मिळवायला झटत होतं.

प्रशिक्षक, डॉक्टर, कॅमेरे सगळं दिमतीला असलेल्यांची ही गत. मग आपल्या गावातल्या ताईंनी महिनाभर शेक पिऊन उतरवलेल्या पाच किलोंचं पुढच्या दिवाळीला काय झालं, हे कुणी दाखवतं का? तिसरा फोटो दाखवला असता तर दुसऱ्या फोटोची किंमत कळली असती.

आणि हे वर्गापर्यंत येतं

'मोठी माणसं आहेत, त्यांचे पैसे आहेत, तुम्हाला काय करायचं?' असं कुणी म्हणेल. मला करायचं आहे, कारण हे फोटो मुलंही बघतात.

माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीने दुपारची खिचडी घेणं बंद केलं. ताटलीत दोन घास घ्यायची आणि उरलेलं मैत्रिणीच्या ताटलीत टाकायची. सहावीच्या मुलाला शाळेतल्या त्या जेवणातून ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं शासनाने ठरवलं आहे. वाढत्या वयाची ती गरज आहे. पोट दुखतं का, घरून खाऊन येतेस का, असं विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, 'बाई, माझा आधीचा फोटो काढून झालाय.'

घरात मोठी माणसं वजन उतरवण्याच्या एका योजनेत होती. त्यांचे फोटो निघाले, तसा तिने आरशासमोर स्वतःचाही काढला. आणि आता ती 'नंतर'ची वाट बघत होती. अकरा वर्षांची पोर! वजन वयाला अगदी योग्य. तिच्या आईशी बोलले तेव्हा त्याही हबकल्या. 'अहो बाई, मला वाटलं नुसता खेळ चाललाय तिचा,' म्हणाल्या. त्यानंतर त्या आठवडाभर डब्यात तिच्या आवडीचं देत राहिल्या, मी दुपारी तिच्या शेजारी बसून जेवत राहिले आणि हळूहळू ताटली रिकामी व्हायला लागली.

त्या मुलीच्या वाक्यात या जाहिरातींचं सगळं मर्म आहे. 'आधी'च्या जागी जो माणूस उभा केलेला असतो, तो कोण असतो? थोडं पोट असलेला, साध्या कपड्यातला, न हसणारा. म्हणजे आपल्यातला बहुतेक कुणीही. जाहिरात आपल्याला सांगते की तू जसा आहेस ती फक्त 'आधी'ची अवस्था आहे; हसायचं ते नंतर, डबा घेतल्यावर. मोठ्या माणसाला हे खोटं कधीतरी कळतं. अकरा वर्षांच्या मुलीला कसं कळणार?

'पण प्रेरणा मिळते ना!'

यावर एक उत्तर नेहमी येतं : असे फोटो बघून लोक व्यायामाला लागतात, मग वाईट काय? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कुणी खरोखर दोन वर्षं घाम गाळून, खाणं सांभाळून, साखर आटोक्यात आणली असेल आणि आपले फोटो आनंदाने दाखवले असतील, तर त्या माणसाचं कौतुकच करावं. त्याच्या कष्टांना खोटं म्हणणं हा अन्याय होईल.

पण दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपली गोष्ट सांगणं वेगळं आणि त्या गोष्टीवर डबा विकणं वेगळं. गोष्ट सांगणारा 'मला किती त्रास झाला' हेही सांगतो. विकणारा नेमकं तेवढंच गाळतो. शिवाय खोट्या मुदतीची प्रेरणा उलटते. '३० दिवस' ऐकून आलेला माणूस एकतिसाव्या दिवशी काट्यावर दोन किलोच कमी बघतो आणि व्यायाम सोडून देतो. खरं तर महिन्याला दोन किलो ही उत्तम प्रगती! पण फ्लेक्सने त्याला ती हार वाटायला लावली. आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पोराला महिन्याभराचा वायदा देत नाहीत. 'आधी वर्षभर माती अंगाला लागू दे' म्हणतात. ती खरी प्रेरणा.

कायदा आहे, पण विचारायला हवं आपण

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात ज्या आजारांच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणाही आहे. पण डबा औषध म्हणून न विकता 'पूरक आहार' म्हणून विकला की ही पळवाट सापडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरात आहे, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. म्हणजे वर मराठीत ठळक '१० किलो कमी' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत 'परिणाम प्रत्येकाला वेगवेगळे', हे चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे.

दुसऱ्या देशांतही पावलं उचलली गेली आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून तसाच नियम आहे. अमेरिकेत २००९ पासून 'असा परिणाम नेहमी मिळत नाही' एवढी तळटीप पुरत नाही. साधारण ग्राहकाला काय मिळतं ते सांगावं लागतं. मला हा अमेरिकेचा नियम सगळ्यात आवडतो, कारण तो 'बाकीच्या चौतीस जणांचं काय?' हाच प्रश्न विचारतो.

पण गावातल्या प्रत्येक स्टेटसवर सरकार नजर ठेवू शकत नाही. म्हणून पालकांनी, शिक्षकांनी आणि मोठ्या मुलांनी फोटो दिसला की हे पाच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी :

१. दोन्ही फोटोंवर तारीख आहे का?
२. उजेड, कपडे, उभं राहणं, अंतर दोन्हींत सारखं आहे का?
३. एकूण किती जणांनी हे केलं आणि त्यातल्या साधारण माणसाला काय मिळालं?
४. डब्याशिवाय आणखी काय काय केलं? खाणं, व्यायाम, औषध?
५. एक वर्षानंतरचा फोटो कुठे आहे?

विकणाऱ्याकडे या पाचांची सरळ उत्तरं असतील तर जरूर ऐकावं. तो चिडला, किंवा 'आधी जॉइन तर व्हा, मग सांगतो' म्हणाला, तर पाकीट खिशातच ठेवावं. आणि वजनाची खरोखर काळजी वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटावं. तिथे फ्लेक्स नसतो, पण तपासणी असते.

शाळेत आपण गणिताच्या उत्तराला गुण देतो, तसे मधल्या पायऱ्यांनाही देतो. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर 'कॉपी केलीस का?' असं विचारतो. 'आधी' आणि 'नंतर' यांच्या मध्ये छापलेला तो बाण म्हणजे गाळलेल्या सगळ्या पायऱ्या आहेत. त्या दाखवल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, एवढी शिस्त आपण जाहिरातीलाही लावू या.